डबा सातपूरचा, चढ खारदुंगचा

लडाखला धावायला जायचंय? मग पावडरचा डबा उघडण्याआधी जरा स्टीलचा उघडा! उंचीवरच्या दमाची तयारी लेहच्या हॉटेलात होत नाही. ती दोन महिने आधी होते, सातपूरच्या भाजीबाजारात आणि कंपनीच्या कॅण्टीनमध्ये...

सकाळचे पावणेसहा. त्र्यंबक रोड. आयटीआय सिग्नलला अजून कोणी फारसं जुमानत नाही. रस्त्याच्या कडेला फर्स्ट शिफ्टची मंडळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी आहेत. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. त्यांच्यासमोरून पोपटी-नारिंगी टी-शर्टातली दुसरी मंडळी धावत जातायत. कमरेला पट्टा, पट्ट्यात जेलची पाकिटं, मनगटावर चकाकणारं घड्याळ. गंमत म्हणजे ही दोन वेगळी जगं नाहीत. आज धावणारा उद्या फर्स्ट शिफ्टला असतो आणि बसच्या रांगेतला एखादा रविवारी अंजनेरी चढून-उतरून आलेला असतो.

सातपूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येते ती एमआयडीसी. महिंद्र, सिएट, बॉश... बॉश हे नाव कागदावर २००८ मध्ये आलं, पण चौकाला आपण आजही मायको सर्कलच म्हणतो. पर्यटनाच्या पुस्तकात या भागाला एक ओळसुद्धा मिळणार नाही. लोक इथून त्र्यंबकेश्वरला जातात, काचा वर करून. पण धावणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या नकाशावर सातपूर एकदम मोक्याच्या जागी आहे. पपया नर्सरी ओलांडली की ट्रॅफिक विरळ होतो. मग पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला शेतं, पुढे अंजनेरी आणि त्यामागे ब्रह्मगिरी. ऑफिसला जायच्या आधी वीस-पंचवीस किलोमीटर मारून यायला यापेक्षा चांगला रस्ता कुठे मिळणार?

नाशिकला हे वेड लागलं त्याला कारणंही तशीच आहेत. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या दोन भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीमनं वेळेत पूर्ण केली. अशी कामगिरी करणारे ते पहिले भारतीय. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, वाटेत वाळवंट आणि कोलोरॅडोतली १०,८५७ फुटांवरची वुल्फ क्रीक खिंड. पाठोपाठ २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्यानं संपवली. तेव्हा ते नाशिकलाच होते. त्यानंतर शहरात सायकली वाढल्या, शूज वाढले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वाढले. आणि दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये या ग्रुपांवर एक मेसेज ठरलेला असतो : 'सप्टेंबरमध्ये लडाख. कोण कोण?'

हवा तीच, दाब निम्मा

लडाख मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. लेह साधारण ३५०० मीटरवर. तिथे ४२ किलोमीटर धावणं हीच मोठी गोष्ट. पण काहींना तेवढ्यानं समाधान नसतं. त्यांच्यासाठी ७२ किलोमीटरचं 'खारदुंग ला चॅलेंज' आहे. पहाटे तीनच्या अंधारात खारदुंग गावातून निघायचं, ३२ किलोमीटर चढत १७,६०० फुटांच्या खिंडीत पोचायचं आणि मग ४० किलोमीटर उतरत लेहला यायचं. आपलं नाशिक सुमारे ६०० मीटरवर. कळसूबाई, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचं टोक, १६४६ मीटर. थोडक्यात काय, तर महाराष्ट्रात कितीही चढलात तरी ती 'उंची' नाही, तो फक्त चढ आहे. अंजनेरीनं मांड्या तयार होतात. रक्त नाही.

अनेकांना वाटतं, उंचावर हवेत ऑक्सिजन कमी असतो. प्रमाण तेवढंच असतं हो, २१ टक्के! कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, खारदुंग ला वर जेमतेम निम्मा. त्यामुळे प्रत्येक श्वासात रक्ताला मिळणारा ऑक्सिजन घटतो. शरीर मग दोन गोष्टी करतं. लगेच म्हणजे श्वासाचा वेग वाढवतं. आणि दुसरं, मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं, ज्याला खेळाच्या बातम्यांत 'ईपीओ' म्हणतात. एक-दोन दिवसांत त्याची पातळी वाढते आणि ते हाडांतल्या मगजाला सांगतं, लाल पेशी बनवा. ऑर्डर तर निघाली. पण कच्चा माल? लाल पेशींना लागतं लोह. गोदामात लोह नसेल तर ऑर्डर नुसती पडून राहते. सातपूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि हे गोदाम चार दिवसांत भरत नाही. त्याला आठवडे लागतात. म्हणून उंचीवरचं जेवण उंचीवर गेल्यावर नाही, इथे असतानाच सुरू करावं लागतं.

'लडाखला? मग हे घ्याच!'

पण आपण आधी कुठे जातो? जिमच्या खालच्या दुकानात. काचेच्या कपाटात डबे कसे एकदम टेचात उभे असतात. व्हे प्रोटीन, बीसीएए, प्री-वर्कआऊट, बीटरूट पावडर, शिलाजित, अश्वगंधा, जिंको, कॉर्डिसेप्स. 'लडाखला चाललोय' म्हटलं की दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे हसू उमटतं, ते बघण्यासारखं असतं!

सगळंच बोगस असं मी म्हणणार नाही. बीटात नायट्रेट असतं, त्यानं स्नायूंना तेवढंच काम थोड्या कमी ऑक्सिजनमध्ये करता येतं असं काही अभ्यासांत दिसलंय. उंचीवर मात्र निकाल संमिश्र आहेत आणि जे आधीच तयारीचे आहेत त्यांना फारसा फरक पडत नाही. नुकसान काही नाही. लघवी गुलाबी झाली तर घाबरू नका, इतकंच. पण त्यासाठी पावडरच हवी असं कुठाय? बीट बाजारात मिळतं.

जिंकोचं म्हणाल तर त्याची परीक्षा होऊन गेली आहे. हिमालयातल्या ट्रेकर्सवर केलेला अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. उंचीचा त्रास टाळण्यात जिंको नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. त्याच अभ्यासात डायमॉक्सनं, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइडनं, फायदा दाखवला. पण ते औषध आहे, सप्लिमेंट नव्हे. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर गोत्यात याल. बोटांना मुंग्या येतात, कोल्ड्रिंक बेचव लागतं. ते डॉक्टरांना विचारूनच.

कॉर्डिसेप्सची गोष्ट तर भन्नाट आहे. हिमालयात अळीच्या अंगावर वाढणारी ही बुरशी, आपल्याकडे कीडाजडी. १९९३ मध्ये मा जुनरेन या चिनी प्रशिक्षकाच्या मुलींनी धावण्याचे जागतिक विक्रम धडाधड मोडले, तेव्हा त्यानं श्रेय दिलं याच बुरशीला आणि कासवाच्या रक्ताला. जगभर तिची मागणी वाढली. पुढे २००० मध्ये, सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर, रक्तचाचण्या संशयास्पद आल्यावर त्याच्या सहा धावपटूंना खुद्द चीननंच संघातून वगळलं. संशय कशाचा? ईपीओचा. बुरशीचे डबे मात्र आजही त्या जुन्या कीर्तीवर विकले जातायत.

आणि तो डिओसारखा दिसणारा ऑक्सिजनचा कॅन! काही मिनिटांचा खेळ. फोटो छान येतो.

कपभर चहाची किंमत

आमच्या ग्रुपमध्ये एक क्वालिटी इंजिनिअर आहे. वय २९. सहा जणांच्या आमच्या लडाख टीममध्ये सगळ्यात शिस्तीची तीच. पहाटे पाच म्हणजे पाच. गेल्या वर्षी तिनं लेहच्या फुल मॅरेथॉनसाठी नाव दिलं आणि मे महिन्यापासून बेळगाव ढग्याच्या साध्या चढावर तिला दम लागायला लागला. कोणी म्हणालं उन्हाळा आहे, कोणी म्हणालं ऑडिटचं टेन्शन. दुकानदारानं प्री-वर्कआऊट पुढे केलं. ते घेऊन चार दिवस हृदय धडधडलं, दम तिथल्या तिथेच.

शेवटी तिनं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.४. 'थोडंसंच कमी आहे' म्हणून घरच्यांनी विषय संपवला असता. पण डॉक्टरांनी फेरिटिनही करायला लावलं होतं. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं मोजमाप. ते निघालं ९. उंचीवर जाणाऱ्या खेळाडूचं फेरिटिन ३० च्या खाली असेल तर अनेक स्पोर्ट्‌स डॉक्टर आधी ते वाढवायला सांगतात. ९ म्हणजे गोदामाला कुलूपच.

यात ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. निम्म्याहून जास्त! म्हणजे शेजारच्या क्युबिकलमधल्या दोघींपैकी एक. धावणाऱ्या मुलींना पाळी, घाम आणि अपुरं जेवण असा तिहेरी मार. आणि गंमत बघा, प्रोटीन किती ग्रॅम घेतलं हे आपल्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. फेरिटिन किती, विचारलं की सगळे गप्प.

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. आपल्या शाकाहारी ताटातलं लोह शरीरात फार कमी शोषलं जातं. पण ते शोषण आपल्या हातात आहे. जेवणात लिंबू, आवळा, पेरू आला तर ते दुपटी-तिपटीनं वाढू शकतं. आणि जेवणाबरोबर चहा आला तर? निम्म्याहून जास्त घटू शकतं!

आता आपलं सातपूर बघा. नाश्त्याला पोहे आणि चहा. लंचनंतर लगेच चहा. पालक, मेथी, उसळ असं सगळं नीट खाऊन वरून कटिंग ओतायचा, म्हणजे एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. तिच्या डॉक्टरांनी डाएटचा पहिला नियम सांगितला तो हा : जेवण आणि चहा यांच्यात एक तास. फुकटातला उपाय, पण कॅण्टीनमध्ये पाळायला सगळ्यात अवघड. सगळे उठून मशीनकडे जातात आणि आपण पेरू कापत बसायचं!

गोळ्याही सुरू झाल्या, त्या डॉक्टरांनी दिल्या म्हणून. लोह कमी नसताना गोळ्या खाणं धोक्याचं आहे, जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही. तिला एक दिवसाआड घ्यायला सांगितल्या. यामागे संशोधन आहे. झुरिचच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की लोह कमी असलेल्या स्त्रियांमध्ये रोजच्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेली गोळी जास्त शोषली जाते. एक डोस घेतला की शरीर हेप्सिडिन नावाचं दार लावून घेतं, ते उघडायला वेळ लागतो. दमवणाऱ्या धावण्यानंतरही काही तास हेच होतं. म्हणून तिची गोळी पहाटे, धावायच्या आधी, लिंबूपाण्याबरोबर.

बाकी डबा. आठवड्यातून दोनदा अळिवाचे लाडू, मोड आलेली मटकी किंवा मूग रोज, राजगिऱ्याची भाजी, तिळाची नाहीतर खुरासणीची चटणी, भाजी लोखंडी कढईत. रविवारी मटण, त्यातही कलेजी. जे मांस-मासे खातात त्यांच्यासाठी हा सगळ्यात सोपा मार्ग, कारण ते लोह पटकन शोषलं जातं. सुकटीनंही काम होतं. फक्त डबा ऑफिसात उघडायची हिंमत हवी!

आणि मिसळ? नाशिककराचा रविवारचा लाँग रन मिसळीशिवाय संपत नाही हे जगजाहीर आहे. चांगली बातमी : मोड आलेल्या कडधान्याची उसळ आणि वर पिळलेलं लिंबू, हे कॉम्बिनेशन लोहाच्या हिशेबानं झकास आहे. मोड आणल्यानं लोह अडवणारं फायटेट कमी होतं. वाईट बातमी : मिसळीनंतरचा तो चहा. आणि तर्रीचं काय करायचं ते तुम्ही आणि तुमचं पोट बघा.

नागलीच्या गावाला

जुलैत त्र्यंबक रोडनं पुढे गेलात तर उतारावर बायका नागली लावताना दिसतात. गुडघाभर चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं. अंजनेरीच्या आसपास रस्त्याकडेला कर्टुली, कुर्डू, टाकळा असे रानभाज्यांचे वाटे मांडलेले असतात. आपण गाडी थांबवतो, दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि घरी येऊन 'ऑरगॅनिक' म्हणून फोटो टाकतो.

नागलीला सध्या भाव आलाय. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि नागलीची बिस्किटं, नागलीचा केक, नागलीचा डोसा असं सगळं अवतरलं. नागली चांगलीच आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, गव्हा-तांदळाच्या कितीतरी पट. पण लोह? साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलंही शोषलं जाणार थोडंच. म्हणजे नुसत्या नागलीवर रक्त वाढेल ही समजूत सोडून द्यायला हवी. भाकरीबरोबर भाजी, डाळ, लिंबू हवंच.

हा रस्ता त्र्यंबकच्या पुढे घाटातून हरसूलकडे जातो. तिथलं सावरपाडा हे कविता राऊतचं गाव. 'सावरपाडा एक्स्प्रेस'! २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ, राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य, २०१६ मध्ये रिओला मॅरेथॉन. तिचं नाव घेतलं की कोणीतरी लगेच म्हणतं, 'बघ, नागली खाऊन घडली.' मला हे वाक्य आवडत नाही. तिला घडवलं ते रोजच्या मेहनतीनं आणि नाशिकमध्ये विजेंद्रसिंग यांच्यासारख्या प्रशिक्षकानं. ज्या घरात नागलीच्या भाकरीबरोबर दुसरं काही नसतं, त्या घरातल्या बाईचं रक्त कमीच असतं. आदिवासी पट्ट्यातला हा जुना प्रश्न आहे. आपण ज्याला सुपरफूड म्हणतो ते तिथे कित्येकदा एकुलतं एक फूड असतं. घासाघीस करताना एवढं आठवलं तरी पुष्कळ.

तरीही लडाखसाठी नागली कामाची आहे, पण वेगळ्याच कारणासाठी. तिकडे वळण्याआधी जरा केनियाला जाऊन येऊ.

कार्बला घाबरू नका, बॉस

सध्या ऑफिसात निम्मे लोक कीटोवर आणि उरलेले 'रात्री भात बंद'वर. उंचीवर हे चालत नाही. कारण साधं आहे. तेवढाच ऑक्सिजन वापरून पिठूळ-गोड पदार्थांतून चरबीपेक्षा थोडी जास्त ऊर्जा मिळते. सात-आठ टक्क्यांचाच फरक. पण जिथे प्रत्येक श्वास मोजून मिळतो तिथे सात टक्के म्हणजे चैन आहे. केनियातलं इटेन हे २४०० मीटरवरचं गाव, लांब पल्ल्याच्या धावपटूंची पंढरी. तिथल्या धावपटूंच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा त्यांची तीन चतुर्थांश ऊर्जा कर्बोदकांतून येत असल्याचं दिसलं. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, म्हणजे उगाली, पालेभाजी, थोडं दूध आणि भरपूर साखर घातलेला दुधाचा चहा! सातपूरच्या टपरीवरच्या माणसाला तिथे एकदम घरच्यासारखं वाटेल.

पण लेहला पोचलं की खरी अडचण वेगळीच येते. भूकच मरते. हॉटेलवाला समोर राजमा-चावल ठेवतो आणि दोन घासांत नको होतं. त्यात थंडी, कोरडी हवा. राजगिऱ्याचा लाडू, जो इथे तोंडात विरघळतो, तो तिथे कोरड्या घशात भुशासारखा अडकतो. चिक्की दगड होते. जेल घट्ट होऊन पाकिटातून निघत नाही. पहाटे तीनला खारदुंगला बाटलीतलं पाणी गोठायला आलेलं असतं. म्हणून इथे जे सहज जातं तेच घेऊन चाललो, असं करू नका. गरम आणि पातळ काय आहे ते बघा.

इथे येते नागलीची पेज. थर्मासमध्ये, चिमूटभर मीठ आणि गूळ घालून. पोटाला जड नाही, घशाला गरम, पीठ-पाणी-मीठ तिन्ही एकाच घोटात. आमच्यातले दोघं खारदुंग ला करणार होते, त्यांनी जूनपासून प्रत्येक लाँग रनला हीच घेऊन सराव केला. पोटाला सवय लावणं हाही ट्रेनिंगचाच भाग आहे. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ नाही म्हणजे नाही!

धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं असा साधारण हिशेब धरतात. चार-पाच खजूर म्हणजे सुमारे ३० ग्रॅम. चाळीस ग्रॅम मनुके, म्हणजे भरगच्च मूठभर, तेवढेच. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून आपण परदेशी जेलवर पैसे उधळतो, कमाल आहे. द्राक्षांवरून आठवलं. सुला आपल्याला जवळ आहे, सवयही असेल, पण लेहमधले पहिले दोन-तीन दिवस वाइन नको, बिअर नको. आणि पाणी प्या, पण पिंपं रिचवू नका. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चाललंय. मिठाशिवाय नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, ते डोकेदुखीपेक्षा वाईट.

सगळ्यात महाग सप्लिमेंट

ते दुकानात मिळत नाही, एचआरकडे मिळतं. रजा!

विमानानं थेट लेहला उतरणं म्हणजे सकाळी समुद्रसपाटीजवळ आणि दुपारी ३५०० मीटरवर. पहिले ४८ तास नुसतं बसायचं, झोपायचं, हळूहळू चालायचं. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असं पर्वतारोहण-वैद्यकातले लोक सांगतात. आयोजकही धावकांना आधीपासून येऊन राहायला सांगतात, ते उगीच नाही. तरी दरवर्षी कोणी ना कोणी शुक्रवारी उतरून रविवारी धावायचं गणित मांडतंच. लोहाचा साठा भरलेला असो, खजूर खिशात असोत, शरीराला दिवस द्यावेच लागतात. डोकं दुखणं, मळमळ इथपर्यंत थांबा आणि विश्रांती घ्या. चालताना तोल जातोय, बसल्या जागी धाप लागतेय, बोलणं असंबद्ध होतंय, असं झालं तर शर्यत विसरायची आणि ताबडतोब खाली उतरायचं, डॉक्टर गाठायचा. तिथे गोळी, पावडर, कॅन कशाचीच वाट बघायची नाही.

आम्हा सहा जणांना अकरा दिवस मिळाले. दोघांनी त्यासाठी दिवाळीची रजा आधीच खर्चून टाकली. घरी काय ऐकावं लागलं ते विचारू नका.

आणि ती? ऑगस्टच्या मध्यावर दुसरी टेस्ट झाली. हिमोग्लोबिन १२.३, फेरिटिन २४. वाढलं होतं, पण हवं तेवढं नाही. ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. 'अगं होईल, मनाची ताकद असते', 'इतके पैसे भरलेस', वगैरे. तिनं दोन दिवस कोणालाच उत्तर दिलं नाही. मग एका ओळीचा मेसेज आला : 'मी २१ धावणार.' फुल मॅरेथॉन सोडून हाफ. डॉक्टरांना विचारून, आयोजकांना कळवून. तो मेसेज वाचून दोघं नाराज झाले, मला मात्र हायसं वाटलं.

लेहमध्ये चौथ्या दिवशी आम्ही बाजारात भटकत होतो. रस्त्याकडेला लडाखी आज्ज्या बसल्या होत्या, पुढ्यात पालेभाज्या आणि जर्दाळूंचे ढीग. एका दुकानात भाजलेल्या जवाचं पीठ होतं. स्थानिक लोक ते चहात नाहीतर ताकात कालवून खातात. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, 'अगदी आपल्या नागलीच्या सत्त्वासारखं.' तिथल्या थुक्प्यानं आमची भूक परत आणली. गरम, पातळ, नूडल्स आणि मीठ. जे आम्ही पेजेत शोधत होतो ते तिथले लोक रोजच वाडग्यात घेऊन बसतात.

शर्यतीच्या सकाळी तिचा मेनू : थर्मासमधली पेज, पाच खजूर. २१ किलोमीटरला २ तास ४१ मिनिटं लागली, नाशिकपेक्षा तब्बल ३५ मिनिटं जास्त. शेवटच्या चढावर ती चालली, आणि लाजत अजिबात नव्हती. खारदुंग ला वाल्या दोघांपैकी एकानं शर्यत पूर्ण केली. दुसऱ्याला खिंडीच्या अलीकडे उलट्या सुरू झाल्या, त्याला गाडीतून खाली आणलं. रात्री तो मजेत थुक्पा खात होता.

येताना तिच्या बॅगेत दोन किलो जर्दाळू होते. अर्धे कॅण्टीनमध्ये वाटले, लंचनंतर. बाकीचे लोक चहाच्या मशीनकडे गेले होते. तिसरी टेस्ट दिवाळीनंतर झाली. फेरिटिन ३८. यंदाच्या फॉर्मवर तिनं ४२ पुढे टिक केलंय.